छप्पर, रात्र आणि पाच हजार रुपये

चोरीच्या गुन्ह्यात कुणाला उचललं की त्याच्या घरची माणसं वकील शोधत कोर्टाच्या आवारात येतात आणि पहिलं वाक्य किमतीचंच बोलतात. ‘मॅडम, दोनच पाइप होते भंगारातले.’ ‘जुना मोबाइल हो, दीड हजारसुद्धा येणार नाहीत त्याचे.’ ‘एक पोतं सोयाबीन. तेवढ्यासाठी माणूस आत टाकतात का?’ त्यांचा हिशेब सरळ असतो. थोडं उचललं तर गुन्हा लहान, जास्त उचललं तर मोठा. तालुक्याच्या कोर्टात मी फौजदारी वकिली करते, त्यातली बरीचशी कामं विधी सेवा समितीकडून आलेली असतात. इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा समजावून सांगावी लागलेली गोष्ट हीच, की कायद्याचा हिशेब असा नाही. निदान २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत तरी नव्हता.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरीची व्याख्या ३७८ व्या कलमात होती. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूनं जागची हलवली की चोरी पुरी झाली. वस्तू किती रुपयांची, हे व्याख्येत नाही आणि शिक्षेच्या ३७९ व्या कलमातही नाही. तिथे तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पुढच्या कलमांत मात्र शिक्षा चढत जाते. माणूस राहतो किंवा माल राखून ठेवतात अशा इमारतीत, तंबूत किंवा जहाजात चोरी केली की ३८०, सात वर्षं. नोकरानं मालकाच्या ताब्यातलं चोरलं की ३८१, तीही सात. इजा करायची तयारी ठेवून चोरायला गेला की ३८२, दहा वर्षं. चोरीसाठी कुणाला दुखापत केली किंवा तिथल्या तिथे दुखापतीची भीती घातली की ती जबरी चोरी, ३९२, दहा वर्षं. आणि हीच जबरी चोरी हमरस्त्यावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात झाली तर चौदा. पाच जण मिळून जबरी चोरी केली की दरोडा, थेट जन्मठेपेपर्यंत.

शिक्षेच्या या सगळ्या चढणीत रुपया कुठेच नाही. जागा आहे, वेळ आहे, माणसांची संख्या आहे, विश्वास आहे, भीती आहे. रुपया होता तो खटला चालवायच्या पद्धतीत. दोन हजारांपर्यंतची चोरी असेल तर खटला संक्षिप्त पद्धतीनं चालवता येत होता, आणि तसा चालवला तर तीन महिन्यांच्या वर कैद देता येत नव्हती. पण व्यवहारात पोलीस ३८० लावून आरोपीला हजर करत आणि रिमांडच्या वेळी मॅजिस्ट्रेटसमोर ‘सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा’ हेच शब्द पडत.

त्या एका कलमाच्या फरकानं काय होतं, हे मी विहिरीवरच्या मोटारीच्या प्रकरणात जवळून बघितलं. आमचा पट्टा उसाचा. विहिरीवरून, शेततळ्यावरून केबल जाणं, स्टार्टर जाणं, मोटार फोडून आतली तांब्याची तार काढून नेणं हे इथे बारमाही चालतं. आरोपी ऊसतोडीला आलेल्या टोळीतला एक पोरगा होता. केबलचं वेटोळं आणि स्टार्टर घेऊन जाताना रस्त्यावरच सापडला. मुद्देमाल शाबूत, सगळा जप्त. पण माल मोटारीच्या शेडमधून काढलेला, म्हणून पोलिसांनी ३८० लावलं. शेतकरी दुसऱ्याच तारखेला मला म्हणाला, ‘माझी केबल मिळाली, मला काय त्याचं वाटोळं करायचं नाही, मिटवा.’ ३७९ असतं तर मालाच्या मालकाला ते मिटवता आलं असतं, कायद्यात तशी सोय होती. ३८० ला ती सोय नव्हती. टोळी दुसऱ्या कारखान्यावर गेली, मुकादम गेला, जामीनदार कुठून आणायचा? पोरगा न्यायालयीन कोठडीत राहिला.

मी पंचनामा पुन्हा पुन्हा वाचला. ‘सदर शेडला तीन बाजूंनी पत्रे मारलेले असून पूर्वेकडील बाजू उघडी आहे.’ बस्स, एवढंच वाक्य. उलटतपासात मी शेतकऱ्याला विचारलं, शेडला दार होतं का? नाही. कडी, कुलूप? नाही. तिथे कुणी झोपतं का? नाही. मग शेड कशासाठी बांधलं? तो म्हणाला, ‘मोटारीवर पाऊस पडू नये म्हणून.’ माझं काम त्याच्या त्या खऱ्या उत्तरानं झालं. पावसापासून आडोसा म्हणजे माल राखायची इमारत नव्हे, असा युक्तिवाद मी केला आणि न्यायाधीशांनी तो मान्य केला. ३८० गेलं, ३७९ उरलं, आणि कोठडीत काढलेले महिने शिक्षेत वजा होऊन तो त्याच दिवशी सुटला. तोवर तोडणीचा हंगाम संपला होता आणि मुकादमाची उचल त्याच्या अंगावर तशीच होती.

तेव्हापासून माझ्याकडे चोरीची फाइल आली की मी मुद्देमालाच्या यादीआधी घटनास्थळाचा पंचनामा काढते. भिंत किती बाजूंनी, दार कुठल्या दिशेला, दिवा होता का, ओटा घराचा भाग की रस्त्याचा. ओट्यावरची घागर नेली आणि माजघरातली घागर नेली यात घागर तीच आणि वर्षं तीनची सात होतात. नव्यानं काम शिकणाऱ्या मुलींना हे पटत नाही. मला ते पटलेलं आहे. घरात माणूस निर्धास्त झोपतो. त्या निर्धास्तपणाला जो हात घालतो त्यानं घागरीपेक्षा जास्त नेलेलं असतं, हे कायद्यानं ओळखलंय याचं मला मोल वाटतं. माझी तक्रार कलमाबद्दल नाही. तीन पत्र्यांच्या आडोशाला घर म्हणून दाखवणाऱ्या सवयीबद्दल आहे.

विश्वासाचं कलम मला एका कृषी सेवा केंद्राच्या मालकानं शिकवलं. खतं, बियाणं, औषधं विकणारं दुकान. दुकानातला माणूस जुना, घरच्यासारखा, तो गल्ल्यातून थोडे थोडे पैसे काढत होता. कॅमेरा बसवल्यावर सापडला. गुन्हा ३८१ चा. (किल्ली त्याच्याच हातात होती, तेव्हा ही चोरी की नोकरानं केलेला अपहार, असाही वाद होता, दोन्हींना शिक्षा सातच वर्षं, आणि दोन्ही गुन्हे कोर्टाच्या परवानगीनं मिटवता येत होते.) मी आरोपीकडून होते. तडजोडीची बोलणी मीच केली, हप्ते ठरले, मालक तयार झाले. कोर्टाच्या व्हरांड्यात कागदावर सही करताना ते म्हणाले, ‘पैसे फेडील तो, त्याची चिंता नाही. मी दुपारी दुकान त्याच्यावर टाकून घरी जेवायला जात होतो. आता डबा आणतो. दुसरा पोरगा ठेवलाय, चांगला आहे, पण डबाच आणतो.’

३८१ ला सात वर्षं का, असं कुणी विचारलं की मी त्या डब्याचं सांगते.

वस्तूची किंमत आणि गुन्ह्याचं वजन यांचा काही संबंधच नसतो, हे सगळ्यात टोकाला जाऊन दिसलं ते मंगळसूत्राच्या केसमध्ये. कॅनॉलच्या रस्त्यानं पहाटे फिरायला निघालेल्या एका वयस्क बाईंचं मंगळसूत्र दुचाकीवरून आलेल्या दोघांनी ओढून नेलं. पुढे दोघं सापडले, मंगळसूत्रही सापडलं, आणि सराफानं कोर्टात सांगितलं की ते एक ग्रॅम सोन्याचं, म्हणजे पाणी दिलेलं. किंमत अडीचशे रुपये. त्यातल्या एका मुलाची बाजू माझ्याकडे होती. त्याची आई मला म्हणाली, ‘नकली निघालं ना ते? मग कसली चोरी राहिली?’

राहिली होती ती जबरी चोरी. दवाखान्याच्या दाखल्यात मानेवर खरचटल्याची, दोन सेंटिमीटरची जखम नोंदवलेली होती आणि सगळा खटला त्या दोन सेंटिमीटरवर उभा होता. जुन्या कायद्यात साखळी ओढण्याला वेगळं कलम नव्हतं. झटक्यात ओढली आणि अंगाला काही लागलं नाही तर ३७९, तीन वर्षं. चोरी करता यावी म्हणून दुखापत केली तर ३९२, दहा वर्षं. ही जखम ओढताना आपोआप झाली, चोरी करण्यासाठी म्हणून केलेली नाही, असं मी मांडलं. वकील म्हणून ते मांडणं माझं कामच होतं. बाई साक्षीला उभ्या होत्या तेव्हा सबंध वेळ त्यांनी एका हातानं पदर गळ्याशी धरून ठेवला होता. सरकारी वकिलांनी विचारलं, खरं मंगळसूत्र का घातलं नव्हतं? म्हणाल्या, ‘चोरांच्या भीतीनंच ते कपाटात ठेवलंय. आता खोटंही घालत नाही आणि कॅनॉलला पण जात नाही.’ माझा युक्तिवाद फेटाळला गेला, ३९२ खाली शिक्षा झाली. निकाल आमच्या विरोधात गेला तरी तो बरोबर होता असं माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. अडीचशे रुपयांच्या मण्यांसाठी ती शिक्षा नव्हतीच. आता नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय न्याय संहितेत, ३०४ वं कलम खास हिसकावून नेण्यासाठी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. दुखापत झाली तर जबरी चोरीचं कलम आहेच.

रात्रीचं आणि संख्येचं थोडक्यात सांगते. रानातल्या वस्तीवर एक दरोडा पडला की पंचक्रोशीत महिनाभर लोक गस्त घालतात, बायका पोरांना घेऊन गावातल्या नातेवाइकांकडे झोपायला जातात. कायद्यानं रात्रीला वेगळं वजन का दिलं हे ज्यानं अशी वस्ती बघितली आहे त्याला सांगावं लागत नाही. पण संख्येच्या बाबतीत माझा अनुभव कडू आहे. दरोड्याला पाच माणसं लागतात. दरोड्याची तयारी करणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे, दहा वर्षांचा, आणि तो चालतो सेशन कोर्टात. त्यामुळे फिर्यादीत ठरलेलं वाक्य येतं. रस्त्याच्या कडेला चार इसम मिळून आले, जवळ मिरचीपूड, दोरी, कोयता. ‘पाचवा इसम अंधाराचा फायदा घेऊन पळून गेला.’ काही वेळा तो खरंच पळालेला असतो. पण ज्या फायलीत पाचव्याचं नाव नाही, वर्णन नाही, मागमूस काढल्याची नोंद नाही, तिथे मी तो पाचवा माणूस शेवटपर्यंत मागत राहते. तो नसेल तर त्या चौघांवरचा गुन्हा दुसराच कुठलातरी असतो, किंवा नसतोच.

अशा फायलींत नावं बहुधा कुठल्या वस्तीतली असतात, हे आमच्या कोर्टातल्या प्रत्येकाला माहीत आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यात आला, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड माणसं कोंडली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. पण आजही परिसरात घरफोडी झाली की पोलिसांची पहिली गाडी त्याच जमातींच्या पालांकडे वळते. दंड संहितेच्या ७५ व्या कलमानं आधीची शिक्षा पाठीशी असली की पुढची वाढत होती, आणि ती आधीची शिक्षा अनेकदा कशी झालेली असायची ते मी समोर बघितलेलं आहे. जामीनदार नाही, कोठडीत महिने निघालेत, तारीख आणखी लांब. मग कुणीतरी सुचवतं, ‘कबूल कर, भोगलेली शिक्षा धरतील, आज संध्याकाळी घरी जाशील.’ माणूस गुन्हा कबूल करतो आणि घरी जातो. पुढच्या वेळी पोलिसांच्या रिपोर्टात तो ‘रेकॉर्डवरचा गुन्हेगार’ होऊन येतो. नव्या संहितेत तर दुसऱ्यांदा चोरी शाबीत झाली की किमान एक वर्ष सक्तमजुरी आहे, पाचपर्यंत जाणारी. आता कोणी कबुलीचं विचारायला आलं की मी त्याला बाजूला बसवते आणि पुढचं सगळं सांगते. संध्याकाळी घरी जायची ओढ इतकी असते की निम्मे लोक तरीही कबूल करतात.

यावर एक चांगला रस्ता आहे आणि तो फार कमी वापरला जातो. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याचं तिसरं कलम. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या माणसाला नुसती ताकीद देऊन सोडायचा अधिकार त्यात कोर्टाला आहे, आणि ज्या कलमांची नावं घेऊन तो दिलाय त्यांत ३७९, ३८० आणि ३८१ ही आहेत. म्हणजे घरातली चोरी, नोकरानं केलेली चोरी, तीही. हे कलम नीट वाचलं तो दिवस माझ्या वकिलीतला महत्त्वाचा दिवस होता. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलानं खोलीतल्या जोडीदाराचा मोबाइल विकला होता. खोली भाड्याची, म्हणून ३८०. परिवीक्षा अधिकारी त्याच्या गावी जाऊन आले, अहवाल चांगला आला, न्यायाधीशांनी त्याला समोर उभं करून चांगलं पाच-सात मिनिटं सुनावलं आणि सोडलं. याच कायद्याचं बारावं कलम सांगतं की अशा प्रकारे सोडलेल्या माणसाला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागू नये. तरी भरतीच्या चारित्र्य पडताळणीत गुन्ह्याची नोंद विचारतातच. तो पोलीस झाला नाही. दुधाचा टेंपो चालवतो, बायको-मुलं आहेत, दिवाळीला फोन करतो.

लोकांना वाटतं तेवढी शिक्षा आमच्या कोर्टात होतही नाही. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला तीन वर्षांच्या वर कैद देता येत नाही. कलमात सात लिहिलेली असोत की दहा, त्या खुर्चीवरून तीनच मिळतात. जास्त द्यावीशी वाटली तर प्रकरण वर पाठवावं लागतं. सात आणि दहा हे आकडे काम करतात ते अटकेच्या आणि जामिनाच्या वेळी. म्हणून मोठी चोरी कोणती आणि लहान कोणती याचा खरा निर्णय निकालाच्या दिवशी होत नाही. तो रिमांडच्या पहिल्या तासात होतो. तेव्हा आरोपीच्या बाजूनं कोण उभं आहे, त्याच्याकडे सातबारा किंवा घरपट्टीची पावती असलेला जामीनदार आहे का, यावर तो होतो.

वाळूच्या केसेसमध्ये हे इतकं उघड दिसायचं की मी अस्वस्थ होत असे. नदीतली वाळू सरकारी. विनापरवाना काढून नेली की खनिजाच्या कायद्याबरोबर चोरीचाही गुन्हा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली स्पष्ट केलं. म्हणजे तेच ३७९. एकाच दिवसाच्या बोर्डावर रात्रभर नदी उपसणारे टिपरवाले आणि बाजारात मोबाइल उचललेला पोरगा, दोघंही त्याच कलमाखाली. टिपरवाल्याचे जामीनदार दारात उभे असायचे, दुपारच्या सुट्टीच्या आत तो बाहेर. पोरगा पुढच्या तारखेपर्यंत आत. नव्या संहितेच्या ३०५ व्या कलमात सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या मालमत्तेची चोरी सात वर्षांची केलीय आणि वाळूच्या गुन्ह्यांना ते कलम लागायला लागलंय. हा बदल मला मनापासून योग्य वाटतो. वाळू गेली की विहिरींचं पाणी जातं, ते कुठल्याच मुद्देमालाच्या यादीत येत नाही.

किमतीवरून आठवलं, बाजारात ज्याला काहीच किंमत नाही अशा वस्तूची चोरीही कायद्यानं चोरीच मानलेली आहे. प्यारेलाल भार्गव प्रकरणात अलवरच्या सरकारी कचेरीतली एक फाइल एका दिवसापुरती बाहेर नेली आणि दुसऱ्या दिवशी जागेवर आणून ठेवली. १९६३ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही चोरीच. कायमचं नेलं पाहिजे असं नाही.

१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि शिक्षेच्या कलमात पहिल्यांदा रुपया आला. ३०३ व्या कलमाचं परंतुक असं आहे: चोरीचा माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा, माणूस पहिल्यांदाच दोषी, आणि त्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा फक्त समाजसेवेची. आमच्या बार रूममध्ये त्या दिवसांत याचं मोठं स्वागत झालं, मीही केलं. असा किमतीचा निकष इंग्लंडमध्ये शतकानुशतकं होता. बारा पेन्सांच्या वर गेलं की मोठी चोरी, आणि मोठ्या चोरीला फाशी, पण तिच्यातून माफी मिळू शके. घरातून चाळीस शिलिंगांचा माल चोरला तर माफी नाही असा कायदा झाल्यावर ज्यूरीतली माणसं डोळ्यांसमोरच्या ऐवजाची किंमत एकोणचाळीस शिलिंग ठरवायची आणि जीव वाचवायची. १८२७ साली इंग्लंडनं मोठी-छोटी हा भेद काढून टाकला. त्यानंतर दहा वर्षांनी मेकॉलेच्या आयोगानं आपल्या दंड संहितेचा मसुदा पुरा केला, त्यात किमतीला जागा नव्हती. आपण ती आता दिली.

परिणाम लगेच दिसले. एका तरुणानं किराणा दुकानाच्या बाहेरच्या फळीवरून तेलाचे डबे उचलले. फिर्यादीत किंमत सहा हजारांच्या वर लिहिलेली. दुकानदाराचं खरेदीचं बिल मागवलं तर चार हजार सहाशे. आईनं पैसे भरले, मुलाला समाजसेवा लागली, ग्रामीण रुग्णालयाचं आवार झाडायचं. समाजसेवा म्हणजे नेमकं काय काम, किती दिवस, हे संहितेत सांगितलेलं नाही, ते न्यायाधीश ठरवतात. पहिल्या दिवशी तो तोंडाला रुमाल बांधून झाडत होता, कारण केसपेपरच्या रांगेत सगळी ओळखीची माणसं. तरी मी म्हणेन, कोठडीपेक्षा हे हजार पटींनी बरं. पण त्याच सुमारास दुसऱ्या एकाचं काम माझ्याकडे होतं. फोन विकलेला, पैसे खर्च झालेले, मागे कुणी नाही. किंमत परत करता येत नाही म्हणून परंतुक लागू नाही. दोघांच्या गुन्ह्यात फरक नव्हता. एकाच्या आईकडे चार हजार सहाशे रुपये होते.

दुसरा परिणाम फिर्यादीच्या बाजूला आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. प्रक्रियेच्या नव्या संहितेतल्या तक्त्यात ही पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. एनसी नोंदवतात आणि कागद हातात देतात. पाच हजारांखालचा फोन कोण वापरतं? चाळीस हजारांचा फोन गेला की तपास, चार हजारांचा गेला की एनसी. आरोपीवर दया करायला काढलेली रेघ गरीब फिर्यादीच्या दारातून गेलीय. रेघ रुपयात काढायचीच होती तर ती शिक्षेपुरती ठेवायला हवी होती, तपासाचा हक्क तिच्या पलीकडे राहायला हवा होता. हे मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते.

सध्या अशाच एका बाईचं काम माझ्याकडे आहे. कांद्याच्या वखारीत निवडणीला जाते. कुठल्याही बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून ती विधी सेवेकडून माझ्याकडे आली. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर गर्दीत पिशवीतला फोन गेला. फोन जुना घेतलेला, चार हजार दोनशेचा. मुकादमाचा नंबर त्यात, बँकेचा ओटीपी त्यावर, शाळेचा निरोप त्यावर. ठाण्यात एनसी मिळाली. मी संहिता उघडून ३०५ पुन्हा वाचलं. प्रवासी वाहनातून वस्तू चोरली तर सात वर्षं, दखलपात्र. तिथे पाच हजारांचं परंतुक नाही. म्हणजे तोच फोन स्टँडच्या फरशीवर गेला तर एनसी, गाडीतून गेला तर तपास. मी तिला विचारलं, ‘ताई, तुम्ही गाडीत चढला होता का?’ ती म्हणाली, ‘एक पाय पायरीवर व्हता, एक खाली. पिशवी खांद्याला, पाठीमागं.’

कोर्टात आता वाद तिच्या पिशवीचा आहे. पाय पायरीवर, पिशवी दाराच्या आत की बाहेर? पोलिसांचा अहवाल म्हणतो, स्टँडच्या आवारात. कंडक्टर म्हणतात, दारात गर्दी होती, दार लावता येत नव्हतं. मी दोन्ही मागण्या केल्यात. ३०५ म्हणून गुन्हा नोंदवावा, आणि ते मान्य नसेल तर अदखलपात्र समजून तरी तपासाचा आदेश द्यावा. स्टँडवरच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण फार दिवस राहत नाही, म्हणून ते जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्याच दिवशी दिला होता. त्यावर आदेश झालाय आणि चित्रीकरण कोर्टात आलंय. मुख्य अर्जावरचा युक्तिवाद पुढच्या तारखेला आहे.